गोळी बारा दिवस चालली, तेराव्या दिवशी काय झालं?

पत्र

डॉक्टर,

माझ्या धाकट्या भावाला दोनदा फिट आली म्हणून कार्बामाझेपिन सुरू केलं होतं. बारा दिवस काहीच त्रास नव्हता. तेराव्या दिवशी ताप आला, घसा दुखायला लागला, डोळे लाल झाले. व्हायरल असेल असं मला वाटलं. फिटची गोळी एक दिवसही चुकवू नका असं आम्हाला बजावलेलं होतं, म्हणून ती मी आणखी दोन दिवस माझ्या हातानं दिली. पंधराव्या दिवशी तोंडात फोड आले, छातीवर जांभळट डाग उठले, नुसता हात लागला तरी त्वचा दुखायला लागली. त्याच दिवशी रुग्णालयात नेलं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे त्वचेचा वरचा थर सुटणारी औषधाची गंभीर प्रतिक्रिया, असं निदान झालं आणि तीन आठवडे तिथे काढावे लागले. आता तो घरी आहे, पण डोळे कोरडे पडतात. तपासणीत एचएलए-बी १५:०२ आढळलं. डॉक्टर म्हणाले, 'याच्या टी पेशींनी औषध ओळखलं.'

मला हे समजत नाही. एवढ्याशा रसायनाला पेशी ओळखते म्हणजे काय? ओळखायचंच होतं तर बारा दिवस का थांबली? घरातले म्हणतात की त्याची प्रतिकारशक्ती जरा जास्तच आहे, ती कमी करायला हवी. काका म्हणतात, पुढे कधीतरी अर्धी गोळी देऊन पाहू. हा धोका मला आणि माझ्या मुलांना आहे का? मला लहानपणी पेनिसिलीनची ॲलर्जी आहे असं लिहून दिलंय, तोच हा प्रकार का? आणि ते दोन दिवस मी गोळी दिली, त्यामुळे हे वाढलं का?

एक बहीण

उत्तर

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे सगळे प्रश्न तुम्ही त्याच्याभोवती लिहिलेत असं मला वाटतं.

ते दोन दिवस. खरं आहे तेच सांगते: या आजारात कारण असलेलं औषध जितकं लवकर थांबतं तितकं बरं. हे तुमच्यापासून लपवून मी धीर दिला, तर तुम्ही उद्या दुसरीकडे वाचाल आणि तो धीर तिथेच संपेल. पण तेराव्या दिवशी तुमच्यासमोर होतं काय? ताप, घसा, लाल डोळे. या आजाराची सुरुवात अगदी साध्या तापासारखी होते. एक ते तीन दिवस त्वचेवर काही दिसतही नाही. या टप्प्यावर डॉक्टरही चकतात, मीही चकले आहे. दुसऱ्या बाजूला फिटची गोळी एकाएकी बंद केली तर फिट लागोपाठ येऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. त्यामुळे तुम्हाला मिळालेली सूचना बरोबर होती आणि तुम्ही ती पाळलीत. तुम्हाला मिळायला हवी होती ती दुसरी सूचना, की पहिल्या दोन महिन्यांत ताप येऊन तोंड आलं, डोळे लाल झाले किंवा अंगावर काही उठलं तर त्याच दिवशी आम्हाला कळवा. ती कुणी दिली नाही. जी सूचना हातात आलीच नाही ती न पाळल्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. डाग दिसले त्याच दिवशी तुम्ही त्याला रुग्णालयात नेलंत. पुष्कळ जण त्यानंतरही दोन-तीन दिवस घरगुती उपाय करत बसतात.

शिवाय तेराव्या दिवशी तुम्हाला ताप दिसला, तेव्हा त्याच्या शरीरातली घडामोड कितीतरी आधी सुरू झालेली होती. ती काय होती हे कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील. म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

टी पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींमधला एक वर्ग. जन्म अस्थिमज्जेत, घडण छातीतल्या थायमस ग्रंथीत. 'टी' हे अक्षर त्या ग्रंथीचंच. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक रेणू असतो, आणि त्याची ठेवण प्रत्येक पेशीत वेगळी, जवळजवळ चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखी. थायमसमध्ये या पेशींची कसून परीक्षा होते. ज्या आपल्याच शरीरावर जोरात झडप घालतील अशा वाटतात त्या तिथेच मारल्या जातात, आणि ज्यांना काहीच वाचता येत नाही त्याही. बाहेर पडतात त्या मोजक्याच.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टी पेशीला सुटा विषाणू दिसत नाही आणि सुटं औषधही दिसत नाही. रक्तात औषध विरघळलेलं असेल, त्याच्या शेजारून टी पेशी वाहत जाईल आणि काही होणार नाही. तिला वाचता येते फक्त दुसऱ्या पेशीनं पुढे केलेली ओंजळ.

ओंजळ हा माझा शब्द. शास्त्रातलं नाव एचएलए. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते, आणि त्यातला एकेक तुकडा, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचा, या ओंजळीत ठेवून पृष्ठभागावर धरते. जणू म्हणते, बघा, माझ्या घरात सध्या हे शिजतंय. १९८७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्यानं या रेणूचा आकार पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो खरोखर तसाच निघाला: खाली सपाट तळ, दोन्ही बाजूंना उंच कडा, मधल्या खाचेत काहीतरी ठेवलेलं. टी पेशी येते, ओंजळ आणि तिच्यातला दाणा दोन्ही एकदम चाचपते आणि पुढे जाते. रोजचे, घरचेच दाणे असतील तर काही घडत नाही. पेशीत विषाणू शिरला असेल तर ओंजळीत परका दाणा येतो आणि टी पेशी जागी होते. दाणा आणि ओंजळ ही जोडीच वाचली जाते हे १९७४ मध्ये पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी दाखवलं, आणि १९९६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

ही ओंजळ प्रत्येकाची वेगळी असते. एचएलएचे हजारो प्रकार माणसांत आहेत. त्यातले थोडे आईकडून, थोडे वडिलांकडून आपल्याला मिळतात. तुमच्या भावाच्या अहवालातलं बी १५:०२ हे अशाच एका ओंजळीचं नाव. हा आजार नाही, दोषही नाही. डोळ्यांच्या रंगासारखी ती त्याची एक ठेवण आहे.

मग औषध यात येतं कुठून? कार्बामाझेपिनचा रेणू फार लहान आहे. ओंजळीतल्या दाण्याचं वजन त्याच्या चारेक पट भरेल. शिवाय तो प्रथिनही नाही. एवढ्याशा गोष्टीची टी पेशीनं दखल का घ्यावी, हा तुमचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळत होता. आज त्याची तीन उत्तरं आहेत, आणि तिन्ही खरी आहेत. औषध वेगळं, तर वाट वेगळी.

सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे औषध दाण्याला चिकटतं. कार्ल लँडस्टायनर, ज्यांनी रक्तगट शोधले तेच, यांनी १९३५ मध्ये जॉन जेकब्स यांच्याबरोबर गिनीपिगच्या त्वचेवर साधी रसायनं लावून पाहिली. प्रथिनांना पक्की चिकटणारी रसायनं ॲलर्जी निर्माण करत होती, न चिकटणारी करत नव्हती. पेनिसिलीन याच जातीचं. त्याच्या रेणूतलं एक ताणलेलं कडं उघडतं आणि रक्तातल्या प्रथिनांच्या लायसिन या अमिनो आम्लाला कायमचं जोडलं जातं. पुढे त्या प्रथिनाचा तुकडा ओंजळीत आला की त्याला शेपटीसारखं पेनिसिलीन लटकलेलं असतं. घरचाच दाणा, पण परका दिसतो. काही औषधं मुळात चिकट नसतात, शरीरात त्यांचं रूपांतर होताना चिकट होतात. सल्फामेथॉक्साझोल हे गंधकयुक्त प्रतिजैविक त्यातलं.

बराच काळ सगळ्यांना हेच एक उत्तर पुरेसं वाटत होतं. पण स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे वेर्नर पिखलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना औषधाची ॲलर्जी झालेल्या रुग्णांच्या टी पेशींमध्ये काही विचित्र दिसत होतं. ओंजळ धरणाऱ्या पेशी त्यांनी एका रसायनात बुडवून गोठवल्यासारख्या केल्या. आता त्या पेशी ना प्रथिनं चिरू शकत होत्या, ना नवी ओंजळ भरू शकत होत्या. चिकटलेल्या औषधाचा दाणा तयार होऊन ओंजळीत यायला जागाच उरली नव्हती. तरीही वरून औषध घातल्याबरोबर टी पेशी जाग्या झाल्या. तेही लगेच, दाणा तयार व्हायला लागणारा वेळ न घेता. आणि औषध धुऊन काढलं की प्रतिक्रिया थांबत होती. पक्कं चिकटलं असतं तर ते असं धुतलं गेलं नसतं. मला हा प्रयोग फार आवडतो. एका साध्या धुण्यानं एवढा मोठा प्रश्न उलगडला. यातून पिखलर यांनी २००२ मध्ये मांडलं की काही औषधं कशालाही न चिकटता थेट ओंजळीच्या खाचेत किंवा टी पेशीच्या ग्राहकावर जाऊन बसतात, एरवी एखादं औषध आपल्या नेमून दिलेल्या जागी बसतं तशीच. टी पेशी आणि ओंजळ यांच्यामध्ये पाचर बसावी तसं हे. तुमच्या भावाच्या कार्बामाझेपिनचं बऱ्याच अंशी असंच आहे. प्रयोगशाळेत ते बी १५:०२ या ओंजळीवर कोणत्याही पूर्वतयारीविना थेट बसताना दिसलं आहे.

तिसरी वाट सगळ्यात अनपेक्षित आहे आणि ती एचआयव्हीवरच्या ॲबाकॅव्हिर या औषधानं दाखवली. हे औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ५ ते ८ टक्के लोकांना पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या असा गंभीर त्रास व्हायचा, आणि तो बी ५७:०१ ही ओंजळ असलेल्यांनाच होत होता. २०१२ मध्ये कारण कळलं. ॲबाकॅव्हिर ओंजळीच्या तळाशी, दाण्याच्या खाली जाऊन बसतं. तळाचा आकार बदलला की आधी मावणारे दाणे मावत नाहीत आणि कधीच न मावणारे दाणे मावू लागतात. ते दाणे आपल्याच प्रथिनांचे असतात, पण थायमसमधल्या परीक्षेत टी पेशींनी ते कधी पाहिलेलेच नसतात. त्यांना वाटतं, घरात परका शिरला. म्हणजे इथे टी पेशीला औषध दिसतसुद्धा नाही. तिला दिसतं ते बदललेलं घर.

'टी पेशींनी औषध ओळखलं' हे वाक्य म्हणून मला पूर्ण पटत नाही. डॉक्टरांची चूक काढत नाही, घाईच्या वेळी आम्ही सगळेच असं बोलतो. पण टी पेशीनं वाचलं ते तुमच्या भावाचं स्वतःचं शरीर, औषधामुळे जरा वेगळं दिसणारं. आणि ते कसं दिसणार हे त्याच्या जन्मजात ओंजळीवर ठरलं. गोळी कुणाच्या हातातून गेली, जेवणाआधी की नंतर, यावर ते ठरत नव्हतं.

हे नातं किती घट्ट आहे ते २००४ मध्ये तैवानमध्ये दिसलं. कार्बामाझेपिनमुळे हा आजार झालेले ४४ रुग्ण तपासले, तर ४४ च्या ४४ जणांकडे बी १५:०२ होतं. तेच औषध त्रासाविना घेणाऱ्या १०१ जणांत ते फक्त तिघांकडे होतं. औषधशास्त्रात असे आकडे क्वचित पाहायला मिळतात. पुढे तिथेच ४,८७७ लोकांची औषध सुरू करण्याआधी तपासणी केली. ७.७ टक्के लोकांकडे ही ओंजळ निघाली, त्यांना कार्बामाझेपिन दिलं नाही. एवढ्या लोकांत एरवी दहाएक जणांना हा आजार झाला असता. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा तो आकडा शून्य होता. चीन, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा भागांत ही ओंजळ बऱ्याच लोकांत आढळते. युरोपीय वंशाच्या लोकांत आणि जपानमध्ये फार क्वचित. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ मध्येच सांगितलं की आशियाई वंशाच्या रुग्णांची ही तपासणी औषध सुरू करण्याआधी करावी. ती तुमच्या भावाची आधी का झाली नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही. विचारायला हरकत नाही. रागानं नाही, पण त्या डॉक्टरांच्या पुढच्या रुग्णाची व्हावी म्हणून जरूर विचारा.

ही ओंजळ असलेल्या प्रत्येकाला मात्र हा आजार होत नाही. उलट बहुतेकांना होतच नाही. ओंजळ आहे, औषधही आहे, पण त्या जोडीवर नेमकी बसणारी टी पेशीही शरीरात असावी लागते. आजार झालेल्या बऱ्याच रुग्णांत एका ठरावीक ठेवणीचा ग्राहक असलेल्या टी पेशी सापडल्या, आणि हीच ओंजळ असून औषध सोसणाऱ्यांत त्या सापडल्या नाहीत. तुमच्या भावाकडे तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

आता बारा दिवसांचं. अशी नेमकी टी पेशी सुरुवातीला लाखोंमध्ये एखादी असते. ती एकटी काही करू शकत नाही. आधी तिला ती ओंजळ भेटावी लागते, मग ती दुप्पट होते, त्या दोन्ही दुप्पट होतात, असं करत मोठी फौज उभी राहायला दिवस लागतात. पहिल्या भेटीत हा काळ साधारण ४ ते २८ दिवसांचा असतो. म्हणजे त्या बारा दिवसांत 'काहीच झालं नाही' असं दिसत होतं तेव्हा ती फौज वाढत होती, आणि बाहेरून कुणालाही ते दिसणं शक्य नव्हतं. फौज त्वचेत पोचली की त्यातल्या मारक टी पेशी त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींवर प्रथिनं सोडतात. त्यातलं मुख्य ग्रॅन्युलायसिन. या रुग्णांच्या फोडांतल्या पाण्यात ते खूप मोठ्या प्रमाणात असतं, हे २००८ मध्ये कळलं. जंतू मारायला असलेलं हे हत्यार इथे स्वतःच्या त्वचेवर चालतं. वरचा थर मरतो, सुटतो. त्वचा नुसत्या स्पर्शानं दुखत होती ती यामुळे. तोंडात आणि डोळ्यांत होतं तेही हेच.

काकांच्या अर्ध्या गोळीचं उत्तर इथेच आलं. आजार बरा झाल्यावर ती फौज विरघळते, पण काही पेशी आठवण घेऊन मागे राहतात, रक्तातही आणि त्वचेतही. पुढच्या वेळी त्यांना बारा दिवस लागणार नाहीत. एक-दोन दिवस, कधी काही तासही पुरतात. आणि मात्रा थोडी आहे म्हणून त्या थांबतील असं धरून चालता येत नाही. म्हणून अर्धी नाही, पाव नाही, 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकदा' असंही नाही. काही ॲलर्जींमध्ये अगदी थोड्या थोड्या मात्रेनं शरीराला औषधाची सवय लावतात, काकांच्या मनात बहुधा तेच असेल. स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये ते करत नाहीत. या आजारात साधारण दहातला एक रुग्ण दगावतो. त्वचा अंगाच्या तीस टक्क्यांहून जास्त सुटली तर तीनातला एक. तुमचा भाऊ एकदा यातून वाचला आहे. कृपा करून काकांना हे वाचून दाखवा.

प्रतिकारशक्ती 'जास्त' असल्याची समजूतही मनातून काढा. त्याची प्रतिकारशक्ती कमीही नाही, जास्तही नाही. फक्त एका जागी चुकीचं वाचलं गेलं. शक्ती कमी असणं म्हणजे सुरक्षित असणं, असंही नाही. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांमध्ये औषधांच्या अशा प्रतिक्रिया इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतात. त्यामुळे ती कमी करायला कोणतंही औषध, काढा, पथ्य काही देऊ नका. आणि 'वाढवायला'ही नको.

हे औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही, पण त्यात एक अडचण आहे. कार्बामाझेपिन वेगवेगळ्या व्यापारी नावांनी मिळतं. आणि ते फक्त फिटसाठी देत नाहीत. चेहऱ्याच्या नसेच्या असह्य कळांसाठी देतात, मनःस्थितीच्या आजारातही देतात. वीस वर्षांनी एखाद्या वेगळ्याच तज्ज्ञाकडे, वेगळ्याच तक्रारीसाठी तो बसलेला असेल, आणि समोरच्यांना यातलं काही माहीत नसेल. म्हणून एका कार्डावर मूळ नाव लिहा, व्यापारी नाव नाही: कार्बामाझेपिन, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, महिना आणि वर्ष, एचएलए-बी १५:०२. ते पाकिटात राहू द्या, फोटो फोनमध्ये, आणि एक प्रत तुमच्याकडे. त्याखाली त्याच्या जवळच्या रचनेची औषधं लिहा. ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन नक्की. फेनोबार्बिटल आणि लॅमोट्रिजिन याबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांना विचारूनच लिहा. लेव्हेटिरासेटाम किंवा व्हॅल्प्रोएट यांची रचना अगदी वेगळी आहे. फिटसाठी आता कोणतं द्यायचं हे ते ठरवतील, पण औषधाविना त्याला ठेवू नका.

इथे इतर वाचकांसाठी थोडं थांबते. तुमच्यापैकी कुणी कार्बामाझेपिन वर्षानुवर्षं घेत असेल आणि हे वाचून उद्या ते बंद करायच्या विचारात असेल, तर तसं करू नका. हा धोका जवळजवळ सगळा पहिल्या दोन महिन्यांत असतो. जे तो काळ ओलांडून गेले त्यांच्या टी पेशींनी ही ओंजळ पुन्हा पुन्हा पाहिली आणि सोडून दिली आहे. एकाएकी गोळी सोडल्यानं येणारी फिट हाच तुमच्यासाठी खरा धोका आहे.

तुमच्याबद्दल. एचएलएचे जनुक एकत्र, एका गठ्ठ्यात वारशानं येतात: एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. भावाकडे बी १५:०२ असलेला गठ्ठा आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आला आहे. तोच गठ्ठा तुमच्याकडेही असण्याची शक्यता साधारण निम्मी. तुमच्याकडे असेल तर तुमच्या प्रत्येक मुलाकडे असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. असलाच तरी रोजच्या जगण्यात त्यानं काही बिघडत नाही, आणि कार्बामाझेपिनच्या जातीचं औषध घेतलंच नाही तर हा प्रश्न उभाच राहत नाही. रक्ताची किंवा लाळेची एक तपासणी, आयुष्यात एकदाच, पुरते. जनुक बदलत नाही. तुम्ही ती करून घ्या. तुमच्याकडे ते नाही असं निघालं, तर त्यासाठी मुलांना टोचायची गरज नाही, त्यांच्या वडिलांकडे कुणाला असा त्रास झाला नसेल तर.

तुमची पेनिसिलीनची ॲलर्जी बहुधा वेगळ्या प्रकारची असेल, किंवा नसेलही. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, तेही औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात, असं झालं असेल तर तिथे टी पेशी थेट काम करत नसतात. ते आयजीई नावाच्या प्रतिपिंडाचं काम. हे प्रतिपिंड बहुतेकांत वर्षांमागून वर्षं कमी होत जातं. आणि लहानपणी ताप असताना औषध दिलं, पुरळ उठलं, औषधावर शिक्का बसला, पण पुरळ मुळात विषाणूमुळेच होतं, असं तर फारच वेळा घडतं. पेनिसिलीनची ॲलर्जी आहे असं लिहिलेल्या लोकांची नीट तपासणी केली की दहातले नऊ जण ते औषध बिनधोक घेऊ शकतात असं निघतं. त्यामुळे भावाला मी जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट तुम्हाला सांगते: ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा आणि हा शिक्का तपासून घ्या. आधी आईला एवढंच विचारून ठेवा, की तेव्हा अंगावर फोड आले होते का, त्वचा सोलली होती का, तोंड किंवा डोळे आले होते का. उत्तर 'हो' असेल तर तपासणीच्या फंदात न पडता तज्ज्ञांना आधी ते सांगा. घरी एक गोळी घेऊन पाहणं कोणत्याही परिस्थितीत नको.

आणि त्याचे डोळे. पत्रात तुम्ही एका वाक्यात ते उरकलंत, पण माझं मन तिथेच अडकलं आहे. या आजारात त्वचा बहुतेक वेळा भरून येते. डोळ्यांचं दुखणं मात्र मागे राहतं आणि महिन्यांनंतरही वाढू शकतं. पापण्यांच्या आतल्या कडेला व्रण पडतात, पापणी बुबुळाकडच्या पडद्याला चिकटू लागते, केस आत वळून बुबुळाला घासतात. सुरुवातीला हे फक्त कोरडेपणा, उजेडात डोळे दिपणं, वाळू गेल्यासारखं वाटणं एवढंच असतं. साधे थेंब देऊन वाट पाहत बसू नका. बुबुळाच्या तज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या, जाताना रुग्णालयातून मिळालेले कागद आणि ते कार्ड बरोबर न्या, आणि दिसायला बरं वाटत असलं तरी पहिलं वर्षभर ते सांगतील त्या त्या तारखेला त्याला घेऊन जा.